जायला अडीच, यायला साडेवीस

इथे १०.४० । तिथे १.४०

मोजे आईनं पुन्हा बॅगेतून बाहेर काढले. तिसऱ्यांदा.

गुडघ्यापर्यंतचे, घट्ट, मातकट रंगाचे मोजे. थोरल्या सुनेनं आईच्या पोटरीला टेप लावून माप घेतलं होतं आणि स्वतःच्या औषधांच्या दुकानातून ते आणले होते. आई ते पलंगावर काढून ठेवायची. सून पुन्हा बॅगेत घालायची. आई काढायची. सकाळपासून हे चाललं होतं आणि दोघींपैकी कुणी त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं.

शेवटी आईच बोलली.

"अडीच तासांना मोजे कशाला गं?"

सून चिठ्ठी बघितल्यासारखं करत म्हणाली, "डॉक्टरांनी लिहून दिलंय, आई. मागच्या वर्षी पायात रक्ताची गाठ झाली होती ना? विमानात मोजे घालायचे. दर दोन तासांनी उठून चालायचं. निघताना एक गोळी, सहा तासांनी दुसरी."

"सहा तासांनी?" आई हसली. "सहा तासांनी मी जाऊन, लेकीच्या हातचा चहा पिऊन, परतीच्या वाटेला लागलेली असेन."

सुनेनं दाराकडे पाहिलं. दारात थोरला उभा होता, तिचा नवरा, आईचा पहिला मुलगा. त्याला एकाएकी छताचा पंखा फार बघावासा वाटला.

उद्या याच वेळी, दहा चाळीसला, आईचं विमान होतं. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यातलं पहिलं विमान. सोबतीला धाकटा. सोमवारी जायचं, गुरुवारी परत निघायचं, असं तिनंच ठरवलं होतं आणि म्हणून बॅग एवढीशीच होती. दोन जोड कपडे, चष्मा, औषधं. आणि मोजे. म्हणजे आत्ता नव्हते मोजे, बाहेर होते.

"मी जरा यांच्याशी बोलून येते," सून म्हणाली.

"बोल की. तुमचं सकाळपासून डोळ्यांनी चाललंच आहे, आता तोंडानं होऊ दे."


इथे ११.०५ । तिथे २.०५

स्वयंपाकघरात चौघं. थोरला, सून, धाकटा आणि आत्या. आत्या म्हणजे अण्णांची बहीण, आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेली. आता तिच्या पाठीला पोक होतं आणि जिभेला धार. कालच मुक्कामाला आली होती.

"साडेअकरा तास," सून दबक्या आवाजात म्हणाली. "साडेअकरा तास त्या अडीच समजून बसणार. तिसऱ्या तासाला उठून दाराशी जाऊन उभ्या राहतील. उतरायचं म्हणून."

"मी असेन ना सोबत," धाकटा म्हणाला. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देत राहणं हे त्याच्या कामातच येत होतं. "मी सांगत राहीन, आलंच आता, आलंच."

"नऊ तास?"

"लोक लिफ्टमध्ये वीस मिनिटं तग धरतात."

"मला विनोद नकोय, भावजी. त्यांनी मोजे घातले नाहीत, उठून चालल्या नाहीत, दुसरी गोळी घेतली नाही, तर ती गाठ पायात राहील असं नाही. मी रोज ही औषधं विकते. मला माहितीय ती कुठे जाते. आणि वर चौथ्या दिवशी पुन्हा तेवढाच प्रवास! गुरुवारचं तिकीट काढलं कुणी?"

थोरला म्हणाला, "तिनंच सांगितलं गुरुवार."

"तिनं अडीच तासांच्या हिशोबानं सांगितलं!"

"हळू," आत्या म्हणाली. "भिंतीला कान आहेत आणि त्या कानांना आज झोप नाही."

 मग आत्याच पुढे म्हणाली, "एक सांगते. माझ्या भावाला खोटं पाडायचं नाही. तो गेल्यावर तर नाहीच. अडीच तास त्यानं सांगितलेत."

सांगितले होते. एकोणीस वर्षांपूर्वी, जिन्यात.

अण्णा बस डेपोत वेळापत्रकं बनवायचे. चौतीस वर्षं. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करायची, मध्ये थांबे बसवायचे. गाडी किती वेळ घेते हे त्यांनी डेपोबाहेर पाऊल न टाकता सांगितलं आणि ते कधी चुकलं नाही. भिंगरी कायमची परदेशी निघाली त्या सकाळी आई जिन्यातच बसकण मारून रडत होती. (भिंगरी म्हणजे मधली, थोरल्याच्या पाठची, धाकट्याची ताई. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून अण्णांनी ठेवलेलं नाव, तेच राहिलं.) अण्णांनी मुलीच्या हातातलं तिकीट घेतलं, चष्मा लावला. सुटणार १०.४०. पोचणार १.१०.

"अगं, अडीच तास!" ते आईला म्हणाले. "तुझ्या माहेरच्या गाडीला चार लागतात. माहेरापेक्षा जवळ चाललीय ती."

आई उठली. डोळे पुसले. त्या दिवशी जेवली.

पुढच्या वर्षी भिंगरी पहिल्यांदा भेटायला आली आणि तिचं तिकीट अण्णांच्या हाती लागलं. तिथून निघाली दुपारी दोनला. इथे पोचली दुसऱ्या दिवशी साडेदहाला. अण्णांनी वजाबाकी केली. पुन्हा केली. थोरला तेव्हा त्यांच्याच हाताखाली नवा लागला होता. त्याला बोलावून त्याच्याकडून करून घेतली.

"जायला अडीच, यायला साडेवीस," अण्णा म्हणाले. "परतीला काय चढ लागतो का रे?"

दिवसभर डेपोतल्या गाड्या त्यांनी दुसऱ्यावर सोपवल्या. दोन्ही आकडे मिळवले. तेवीस. निम्मे केले, साडेअकरा. त्यातून अडीच गेले, नऊ. संध्याकाळी येताना एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले आणि जुन्या घड्याळाशेजारी लावलं, नऊ तास मागे. तिकिटांवर दोन गावांची दोन घड्याळं छापतात, बसच्या तिकिटावर एकच असतं, एवढीच काय ती चूक. पण बसवाल्या घरातच होऊ शकणारी.

"आईला सांगू नकोस लगेच," ते थोरल्याला म्हणाले. "नीट जेवायला लागलीय. सांगेन मी."

मग धाकट्याला कळलं. मग आत्याला. मग सून लग्न होऊन आली, तिला तर आठवडाभरात कळलं. आईला त्या दुसऱ्या घड्याळातली वेळ पाठ होती, भिंगरीचं सकाळी नऊ म्हणजे आपलं संध्याकाळी सहा, दर रविवारी ती त्या ठोक्याला फोन करायची. पण घड्याळ भिंतीवर होतं आणि अडीच तास अण्णांच्या तोंडचे होते. ती दोन्ही कधी एकमेकांना भेटली नाहीत.

"सांगायचं," सून म्हणाली. "आजच. मी सांगते."

"तू नको," थोरला म्हणाला. इतक्या घाईनं म्हणाला की धाकट्यानं मान वर केली.

"का, दादा? वहिनीनं सांगितलं तर काय बिघडतं?"

"मी सांगतो. जेवण झाल्यावर."

"एकोणीस वर्षं आपण जेवण झाल्यावरच सांगतोय."


इथे ११.३० । तिथे २.३०

आईचे हात रिकामे राहत नव्हते. बॅगेची चेन उघडायची, चष्म्याचं घर चाचपायची, चेन लावायची. उठून खिडकीशी. समोरच्या इमारतीवर कुणीतरी पाण्याची टाकी घासत होतं. परत पलंगावर. चेन.

स्वयंपाकघरात कुजबुज. खुशाल. मोठ्या प्रवासाआधी घरातली माणसं कुजबुजतातच.

तिला भिंगरीकडे राहायचं नव्हतं. चार दिवस पुष्कळ झाले. तिला एक विचारायचं होतं, आणि ते नऊ वर्षं फोनवर विचारलं गेलं नव्हतं. समोर बसून, डोळ्यांत बघून:

तुझे वडील सोमवारी पहाटे गेले. तुला साडेपाचला कळवलं. वाट अडीच तासांची. तू मंगळवारी सकाळी सहा चाळीसला आलीस. मधले तास कुठे होतीस?

दारात तिनं विचारलंच होतं तेव्हा. "वाटेत कुठे थांबली होतीस?" पोरीनं बॅग खाली ठेवली आणि मान खाली घातली. एक शब्द नाही. निरपराध माणूस मान खाली घालतो का? आईनं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं कधी बंद केलं नाही. बंद करायला भांडण लागतं. रविवारी सहाला फोन, बरी आहेस, बरी आहे, जेवलीस, जेवले, ठेवते. नऊ वर्षं.

मरायच्या आधी विचारून घ्यावं. कामात होती म्हणाली तर कामात. झोपली होती म्हणाली तर झोपली. काहीतरी म्हणू दे.

चेन उघडली. चष्मा होता.


इथे १२.५० । तिथे ३.५०

जेवण झालं. थोरला बोलला नाही.

तो पाणी प्यायला, पुन्हा प्यायला, त्यानं ताटं उचलली, जी तो कधी उचलत नसे. सून त्याच्याकडे बघत राहिली. धाकट्यानं वाट पाहिली आणि मग, पुढे तो शपथेवर सांगायचा की मुद्दाम नाही, खिशातून तिकिटांचे कागद काढले.

"आई, तुझी तिकिटं छापून आणलीत. बघ. जायचं दहा चाळीस, पोचायचं एक दहा."

"तेच ना," आई खूष झाली. "एकोणीस वर्षांत वेळ हलली नाही. ह्यांना आवडलं असतं. आणि परतीचं?"

"गुरुवार. दुपारी दोन."

"पोचायचं?"

धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याच्या हातात ताट.

"साडेदहा."

"रात्री साडेदहा? दोन आणि अडीच साडेचार होतात."

"सकाळी साडेदहा, आई. शुक्रवारी."

आईनं कागद ओढून घेतला. लांब धरला, जवळ धरला. तिनं चौतीस वर्षं अण्णांचे डबे भरले होते आणि रात्री त्यांची वेळापत्रकं आखून दिली होती, रकाना रकाना. वजाबाकी तिच्या बोटांत होती. दोनपासून दोन, बारा तास. वर आणखी साडेआठ.

"साडेवीस? जायला अडीच आणि यायला साडेवीस? तिकीट कुणी छापलंय हे? चूक आहे. फोन कर त्यांना."



"वन्सं," आई आत्याकडे वळली, "तुमच्या भावानं असलं वेळापत्रक हातात धरलं असतं का?"

आत्यानं तोंड उघडलं. सकाळपासून तिनं हे वाक्य तयार ठेवलं होतं, माझ्या भावाला खोटं पाडू नका. पण आई तिच्याकडे अशी बघत होती की जणू अण्णांच्या वतीनं आत्याच आता खरं काय ते सांगणार. आत्याचं पोक आणखी वाकलं.

"थोरल्या," ती म्हणाली, "आण ती पेटी. मला नाही जमायचं हे."

"आत्या, तूच सकाळी म्हणालीस..."

"म्हणाले. आता हे म्हणते. आण."


इथे १.१० । तिथे ४.१०

पेन्सिलींची पेटी. पत्र्याची. अण्णांची. ते गेल्यावर डेपोच्या टेबलातून थोरल्यानं आणली, आणि ते टेबल आता त्याचंच होतं. पेन्सिलींच्या खाली एक जुनं तिकीट, भिंगरीच्या पहिल्या परतीचं. मागच्या बाजूला अण्णांचं बारीक अक्षर.

२.३० + २०.३० = २३.००
निम्मे = ११.३०. अंतर नऊ हजार तीनशे कि.मी.
हिला सांगणे. ☐

अण्णा प्रत्येक कामापुढे असा चौकोन काढायचे आणि काम झालं की त्यात खूण करायचे. हा चौकोन कोरा होता.

आईनं वाचलं. मग भिंतीकडे पाहिलं, एका घड्याळाकडे, मग दुसऱ्याकडे. तिचे ओठ हलत होते. नऊ मागे. दहा चाळीसात साडेअकरा मिळवले. दहा दहा. त्यातून नऊ गेले.

एक दहा.

"हे घड्याळ," ती म्हणाली, "मी अठरा वर्षं पुसतेय."



"अण्णा सांगणार होते," थोरला म्हणाला. "त्यांनी लिहून ठेवलंय ना."

"ते सांगणार होते. ते गेले. पेटी कुणाकडे आली?"

"माझ्याकडे."

"कधी?"

"अण्णा गेले त्याच आठवड्यात. पण मला आधीपासून माहीत होतं. हिशोब आम्ही दोघांनी मिळून केला होता."

आई हळूहळू त्याच्याकडे वळली. थोरल्याला कळलं की ती आता कुठे पोचणार आहे. वाट त्याला पाठ होती. नऊ वर्षं तो त्या वाटेवर रोज जाऊन परत येत होता.

"म्हणजे मंगळवारी, ती दारात उभी होती तेव्हा. मी विचारलं, वाटेत कुठे थांबलीस. तू माझ्या मागे होतास."

"हो."

"तुला माहीत होतं मी का विचारतेय."

"हो, आई."

सून म्हणाली, "काय?" ही गोष्ट तिला माहीत नव्हती. तिला वाटत होतं, एवढ्या वर्षांत घरात फक्त एक आकडा दडवलेला आहे, निरुपद्रवी, जुनाट, विनोद करण्यासारखा. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू तो कोण आहे हे नव्यानं शोधावं लागणार होतं.

थोरल्याला सांगायचं होतं की त्यानं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण भिंगरीनं मान खाली घातली आणि आई वळली आणि तिनं त्याचा दंड धरला. दिवसभर धरून ठेवला. लहानपणापासून घरात भिंगरीचं नाव आधी यायचं, भिंगरीनं पत्र लिहिलं का, भिंगरीला हे आवडतं, आणि तो रोज संध्याकाळी साडेसहाला घरी येणारा, वेळेवर, कुणाच्या लक्षात न येणारा. त्या दिवशी पहिल्यांदा. त्याला तो दंड सोडवून घ्यायचा नव्हता. एक दिवस, असं ठरवलं होतं. उद्या सांगू.

यातलं त्यानं फक्त एवढंच म्हटलं: "तू माझा दंड धरला होतास."

"दादा!" धाकटा म्हणाला.

 आईनं तिकीट उलटं केलं, सुलटं केलं. उठली. खिडकी. टाकी घासणारा आता टाकीच्या सावलीत बसला होता. परत आली, बसली, उठली.

"फोन लाव."

"आई, तिथे पहाटेचे साडेचार..."

"मला घड्याळ दिसतंय. आजच पहिल्यांदा दिसतंय. लाव."


इथे १.३० । तिथे ४.३०

दोन रिंगांत उचलला.

"कोण? काय झालं? दादा? कोण गेलं?"

फोन टेबलावर होता, आवाज मोठा केलेला. भिंगरीचा आवाज साऱ्या खोलीत पळत सुटला.

"कुणी गेलं नाही," आई म्हणाली. "मी आहे."

"आई? तू बरी आहेस? उद्याचं रद्द झालं का?"

"नाही. मला एक विचारायचंय. तिकडे येऊन विचारणार होते, पण आता प्रश्नच बदलला. अण्णा गेले तेव्हा तू कशी आलीस?"

 

"विमानानं, आई."

"ते कळलं. थांब्याथांब्यानं सांग. आपल्या घड्याळात सांग. थोरल्या, पेन्सिल घे. लिही."

थोरल्यानं पेटीतली पेन्सिल घेतली. कागद घेतला. सवयीनं रकाने आखले.

    सोमवार ५.३० — फोन.
    ७.०० — घर सोडलं. सरळ विमानात जागा नाही. दोन विमानांचं तिकीट.
    १०.०० — पहिलं विमान सुटलं.
    ४.०० — मधल्या गावी उतरली.

"मग?" आई म्हणाली.

"मग दुसरं विमान साडेपाचला होतं."

"त्यात बसलीस."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"भिंगरे?"

"तुला कसं कळलं होतं, आई?" आवाज बारीक झाला होता. "नऊ वर्षं मी हाच विचार करतेय. तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"की मी थांबले होते. तू दारातच विचारलंस. वाटेत कुठे थांबलीस. बॅग खाली ठेवायच्या आधी विचारलंस. मला वाटलं, माझ्या तोंडावरच दिसत असेल."

थोरल्याची पेन्सिल कागदावर टेकून राहिली.

"उतरल्यावर मी घरी फोन केला," भिंगरी म्हणाली. "दादानं उचलला. म्हणाला, सगळं झालं, अग्नी दिला, थांबता आलं नाही. मग मी एका जिन्यात बसले. विमानतळावर एक बंद जिना होता, तिकडे कुणी येत नव्हतं. मला वाटलं पाच मिनिटं बसते. माझं नाव पुकारत होते ते मला ऐकू येत होतं, आई. माझंच नाव. मला उठता येत नव्हतं. वाटलं आता कशाला घाई. मग ते विमान गेलं. पुढचं अकरा दहाला होतं."

"म्हणजे पाच तास चाळीस मिनिटं," थोरला पुटपुटला. त्याचा इलाज नव्हता, ते आपोआप होत असे.

"मी रात्री एकला पोचू शकले असते. तू जागीच असणार होतीस. मी तुझ्याजवळ बसले असते. मी जिन्यात बसले." श्वास. "म्हणून तू माझ्याशी तेवढंच बोलतेस ना? बरी आहेस, जेवलीस, ठेवते. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं."

आत्यानं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. सुनेनं एका हातानं टेबल धरलं होतं.

आईनं हात लांब करून फोन जवळ ओढला, जसा पाट ओढावा तसा, जणू पलीकडचं माणूस त्यामुळे पुढे सरकेल.

"थोरल्या, अण्णांचा चार तासांचा नियम काय होता? मोठ्यानं सांग. तिला ऐकू जाऊ दे."

थोरला हळूच म्हणाला, "चार तासांवरच्या गाडीला..."

"मोठ्यानं."

"चार तासांवरच्या गाडीला थांबा द्यायचाच. थांबा नसलेलं वेळापत्रक परत पाठवायचं."

"ऐकलंस? मग लिही रे. मधलं गाव. साडेपाच ते अकरा दहा. थांबा. असं रेघेवर लिही, बाजूला कंसात नको. तो वेळापत्रकातलाच आहे."

थोरल्यानं लिहिलं.

    ५.३० ते ११.१० — थांबा.

"पुढे सांग, भिंगरे."

"पुढे... पाचला उतरले. सहा चाळीसला दारात."

    मंगळवार ५.०० — उतरली.
    ६.४० — घर.

"बरोबर," आई म्हणाली. "आता बसतंय सगळं." आणि मग, जरा वेळानं, वेगळ्याच आवाजात: "मला वाटलं होतं, वाट अडीच तासांची आहे."

"काय?"

"उद्या सांगते. समोर बसून. लांबलचक आहे. तू झोप आता. की उठतेस?"

"आता कुठली झोप, आई."

"मग चहा कर आणि बस. फोन नको ठेवूस. मी आहे इथे."

आणि ती बसली. पहिल्यांदाच त्या दिवशी, चेन न उघडता. पलीकडे भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. बराच वेळ कुणी "ठेवते" म्हणालं नाही.


इथे २.३५ । तिथे ५.३५

फोन झाल्यावर.

धाकटा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. सून नवऱ्याशी बोलत नव्हती. ते पुढे किती दिवस चालेल हे तिलाही सांगता आलं नसतं. आत्या म्हणाली, "वहिनी, माझ्या भावाला..." आणि आई म्हणाली, "तुमच्या भावानं चौकोन काढून ठेवला होता, वन्सं. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

मग थोरल्याला म्हणाली, "मोजे आण."

"आत्ता? आई, विमान उद्या आहे," सून म्हणाली.

"सवय नको व्हायला? साडेअकरा तास घालायचेत. तो घालेल मला. तू लांबूनच सांग कसे घालायचे ते."

थोरला जमिनीवर बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट मध्ये येत होतं. आईचा उजवा पाय त्यानं मांडीवर घेतला. मोजे भलतेच घट्ट होते. टाच आधी बसवायची, मग वर ओढायचं, सुरकुती पडू द्यायची नाही, असं सुनेनं सांगितलं, त्याच्याकडे न बघता. घोट्यापाशी तो अडला. पुन्हा खाली घेतला, पुन्हा ओढला. आई वरून बघत होती.

"आई, मी..."

"सुरकुती पडली बघ."

त्यानं सुरकुती काढली. मोजा गुडघ्यापर्यंत आला.

"ते परतीचं," आई म्हणाली. "गुरुवार खोड."

"गुरुवार नकोच होता," सून पटकन म्हणाली. "तारीख बदलता येते, भावजींनी विचारून ठेवलंय. सहा महिन्यांतली कुठलीही."

थोरल्यानं मान वर केली. "कधीची घालायची?"

"रकाना मोकळा ठेव."

त्याच्या हातात दुसरा मोजा होता. तो तसाच राहिला. संध्याकाळी साडेसहाला तो घरी येईल आणि पलंग रिकामा असेल, हे त्याला आत्ताच दिसलं, घड्याळातल्या वेळेसह. "आई, परतीचा रकाना मोकळा ठेवून गाडी सुटत नाही. अण्णाच म्हणायचे."

"सुटते," आई म्हणाली. "एकोणीस वर्षांपूर्वी सुटली होती. याच जिन्यातून."

आणि तिनं दुसरा पाय पुढे केला.